वर बर्फ, खाली हळद

३ मार्च
यंत्राची गाडी आली एकदाची. बांधावरच्या बाभळीची एक फांदी तोडावी लागली, नाहीतर गाडीचा वरचा भाग अडकत होता. फांदी तोडेपर्यंत जीव खालीवर. ओरखडा आला असता तर म्हणाले असते, नानाच्या माळावर आला.

गाडीवर पांढरी लोखंडी परात. आपली पीठ मळायची असते तशीच, पण विहिरीच्या तोंडाएवढी. मागे एक बंद खोली, तिला थंड हवेचं मशीन. अर्धं गाव माळावर जमलं होतं. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "मॅडम कुठं आहेत? गाडी कशी लावायची?" जयश्री पुढे झाली. हात करून दाखवलं, "इथे. तोंड पश्चिमेला." एवढी मोठी गाडी तिच्या हातासरशी मागेपुढे होत राहिली.

सून आहे माझी. दत्ताची बायको. दत्ता पुण्याला कारखान्यात, ही ढगांच्या संशोधनात. आता उन्हाळाभर इथेच, आमच्या घरी राहून काम करायचं आहे तिला.

लोक आधी तिच्याकडे बघत, मग माझ्याकडे. मी टोपी नीट केली.

शेळ्या पलीकडच्या बाजूला बांधल्या. यंत्राचा त्यांना त्रास होतो का, विचारायचं राहिलं.

५ मार्च
शेळ्यांना काही होत नाही म्हणाली. तरी पलीकडेच बांधतो.

सुनेच्या खोलीत जाताना सासऱ्यानं आधी खाकरायचं, हे लहानपणापासून बघत आलो. ही खोली गाडीवरची, पण सून तीच. म्हणून पायरीपाशी उभा राहून खाकरलो. जनरेटरच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा खाकरलो. मग जोरात. जनरेटर बघायला वसमतचे सय्यदभाई आहेत, ते धावत आले. "चाचा, तबियत खराब है क्या? पानी देऊं?"

आतून जयश्रीच हसत आली. "मामा, या ना आत. हे ऑफिस आहे."

ऑफिस असो. उद्याही खाकरूनच जाणार.

आत टीव्हीसारखे पडदे. मला खुर्ची दिली. म्हणाली, विहिरीत हाक मारली की आपलाच आवाज परत येतो ना, तसं हे यंत्र ढगात हाक मारतं आणि काय परत आलं ते ऐकतं. पाण्याचा थेंब वेगळं ऐकवतो, बर्फ वेगळं. मी विचारलं, ते कसं. म्हणाली, मोठा थेंब पडताना चपटा होतो, भाकरीचा उंडा हातावर दाबल्यासारखा. गार मात्र गडगडत येते, तिला चपटी बाजू नसते. यंत्र आडवी आणि उभी अशा दोन्ही हाका मारतं, म्हणून चपटं काय आणि गोल काय ते कळतं.

सातवीतून शाळा सुटलेली माझी. पण हे समजलं. खरंच समजलं.

(इथून पुढे ज. एवढंच लिहितो. नाव लांब आहे, पेन संपत आलंय.)

८ मार्च
शिवारात सगळीकडे हळद शिजते आहे. बापूरावच्या रानात सकाळपासून वाफेचे लोट. आमची शिजून झाली, खळ्यावर वाळत घातली. पिवळंधमक खळं. आता पंधरा-वीस दिवस पाऊस नको, एवढंच. शिजवलेली हळद भिजली की रंग जातो, आणि रंग गेला की व्यापारी ढिगाकडे बघतसुद्धा नाही.

ज.ला विचारलं, "येनार का गं पानी?"

तर म्हणाली, "मामा, ते मला सांगता येत नाही. आमचं काम फक्त वर काय आहे ते बघायचं. खाली काय पडेल ते वेधशाळा सांगते. आम्ही आपल्या मनानं इशारा द्यायचा नाही, सक्त नियम आहे."

एवढं यंत्र दारात आणि पावसाचं विचारायचं नाही. सरू म्हणाली, "दूध घरचं अन् चहा कोरा, अशी गत." बायको कधी कधी बरोबर बोलते.

गोळी घेतली. बीपी वाढल्यासारखं वाटतं.

१२ मार्च
हॉटेलात चहाला गेलो. बापूराव होताच. आमचा शेजारी, बांधाला बांध. लहानपणापासून एकमेकांची उणीदुणी काढतो.

"काहून रे नाना, तुझ्या सुनेचं यंत्र ढग फोडून राहिलं म्हने?"

"फोडत न्हाई. बघतं नुसतं."

"बघून ढग पळत असतील मंग."

"बघून पळाले असते, तर तुझ्याकडं बघून तुझ्या म्हशी कवाच पळाल्या असत्या."

सगळे हसले. बापू पण. पण घरी येताना वाटलं, ही गोष्ट हसण्यावारी राहिली तर बरं. ढग पळवणारं यंत्र म्हणून एकदा नाव पडलं की निघत नाही. उन्हाळ्यात कोणी काही म्हणत नाही. पावसाळ्यात एक आठवडा ओढ दिली की सगळे माळाकडे बघतील.

मग मी हॉटेलात पुन्हा गेलो आणि उंडा, भाकरी, गार, सगळं समजावून सांगितलं. लोकांनी ऐकलं. माझं असं कोणी आजवर ऐकलं नव्हतं.

१६ मार्च
आज दुपारनंतर ढग भरून आले. ज. सकाळपासून जेवली नाही. डबा घेऊन गेलो, खाकरलो, आत गेलो.

पडद्यावर ढग उभा कापलेला. कलिंगड मधून कापलं की आतलं दिसतं ना, तसा. आणि ढगाच्या मध्यात एक आडवी रेघ, लख्ख. मी विचारलं, हे काय बिघडलं?

"नाही मामा. ही बर्फ वितळायची जागा. रेघेच्या वर बर्फ, रेघेच्या खाली पाणी. वितळताना बर्फाला वरून पाण्याचं पातळ कातडं येतं, तेव्हा तो यंत्राला जास्त चमकतो."

"किती वर हाय?"

"चार-साडेचार किलोमीटर."

म्हणजे इथून कुरुंदा गाव. कुरुंदा जेवढं लांब, तेवढ्यावर बर्फ आहे. फक्त वर. मार्चच्या या उन्हात, आपल्या डोक्यावर. जन्मभर या ढगांखाली शेळ्या चारल्या, हळद लावली.

आणखी एक सांगितलं. रेघेच्या वर सगळाच बर्फ नसतो. काही पाणी बर्फापेक्षा थंड होऊनही पाणीच राहतं. कशाला टेकलं की मगच गोठतं. ते पाणी किती, बर्फ किती, हेच शोधायला ती आली आहे. जगात कोणाला नीट ठाऊक नाही म्हणे. आणि ते शोधायचं कुठे, तर माझ्या माळावर.

घरी येऊन सरूला सांगितलं. ती म्हणाली, "डबा खाल्ला का तिनं?" ते बघायचं राहून गेलं.

१९ मार्च
लिहायला हात धजत नाही. पण लिहितो.

दुपारी पुन्हा ढग. मी पायरीवर होतो, खाकरायच्या बेतात. आत ज. पुण्याच्या सरांशी फोनवर बोलत होती. "सर, आज वर बर्फच बर्फ आहे. खूप जाड थर." आवाजात आनंद.

बर्फ म्हणजे गारा. आणखी काय? मी आत गेलोच नाही. तसाच खाली उतरलो, आडवाटेनं गावात. हॉटेलात सांगितलं, देवळात सांगितलं, बापूच्या रानात, पार नाल्यापलीकडच्या वस्तीवर जाऊन सांगितलं. "गारा येनार. हळद झाका. माझ्या सुनेच्या यंत्रावर दिसून राहिल्या."

गाव धावलं. वाळत घातलेली हळद गोळा करून ढीग केले, वर ताडपत्र्या. बापूनं तर शिजणारी हळद अर्धी कच्ची कढईतून उपसली. बाया, माणसं, सगळी धावपळ. मी मध्ये उभा राहून सांगत होतो, इकडून झाका, तिकडून झाका.

एक थेंब पडला नाही. तासाभरात ढग विरले आणि ऊन पडलं. ताडपत्रीखाली ओल्या हळदीला घाम सुटला.

२० मार्च
बापूची हळद काळपट पडली. आणखी काहींचीही. बापू माळावर येऊन ओरडून गेला. ज. उभी राहून ऐकत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं, तरी ऐकत होती.

मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मामा, प्रत्येक मोठ्या ढगात वर बर्फ असतोच. बहुतेक वेळा तो येता येता वितळतो, नाहीतर वरच्या वर विरून जातो. परवाच्या रेघेचं मी एवढं सांगितलं..."

रेघेचं सांगितलं होतं. मी रेघ बघितली आणि बर्फ तेवढा लक्षात ठेवला.

संध्याकाळी पुण्याहून फोन. तालुक्याच्या कचेरीतून कोणीतरी तिकडे विचारलं होतं, गारांचा इशारा कोणी दिला? ज.ने फोन ठेवला. मग सरूला सांगितलं, मी ओसरीवरून ऐकलं. यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचं घाटतंय. गावानंच नको म्हटलं तर लगेच नेतील. "आत्या, ही जागा मी मागितली होती. तिथं माझं सासर आहे, लोक सांभाळून घेतील, असं मीच म्हणाले होते."

रविवारी गावात बैठक आहे. गोळी घेतली. नंतर वाटलं दोनदा घेतली.

२१ मार्च
गावात नवीन नाव पडलं मला. गारानाना.

२२ मार्च
बापूच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं बसायला टाकलं, चहा दिला. बापू खाटेवर. माझ्याकडे बघेना.

"बापू, जे बोलायचं ते मला बोल. बैठकीत यंत्राला काही बोलू नको."

"यंत्राला काहून बोलू? यंत्रानं मला सांगितलं का?"

"मंग?"

"तुझी सून चांगली हाय नाना. तूच तेवढा खराब लागला."

चहा कडू लागला, पण प्यायलो. उठताना म्हणालो, काळपट हळद निवडायला मी येतो. म्हणाला, "तू हात लावला तर उरलेली बी काळी पडंल." त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. मग तोही हसला असं मला वाटलं. पाठ होती माझ्याकडे, नक्की सांगता येत नाही.

२३ मार्च, रविवार
शाळेच्या पटांगणात बैठक झाली. आधी मी उठलो. म्हणालो, सून काही बोलली नाही. तिला बोलायला बंदी आहे आणि ती बंदी पाळते. मी बोललो. अर्धं कळलं होतं, पूर्ण कळल्यासारखं सांगितलं. काय बोलायचं ते मला बोला.

कोणीतरी मागून "गारानाना!" ओरडलं. हशा झाला. बसलो.

मग ज. उठली. गावातली मोठी माणसं समोर म्हणून डोक्यावर ओढणी घेतली. आणि त्या ओढणीखालून असं बोलली की पटांगण गप्प. यंत्र ढग फोडत नाही, पळवत नाही, पाऊस आणत नाही. ज्याला बघायचं त्यानं येऊन बघावं. आधी बायांनी यावं, त्यांना कोणी बोलवत नाही म्हणून.

बापू उठला. मी डोळे मिटले.

"पोरी, एक सांग. आमच्या हळदीला ह्याचा काय फायदा?"

ज. म्हणाली, "या वर्षी काहीच नाही, काका."

पटांगणात चुळबुळ. मला वाटलं, संपलं. काहीतरी गोड बोलायचं होतं गं.

"ढगात बर्फापेक्षा थंड पाणी असतं. तेच गारेवर चिकटून गोठतं आणि गार मोठी होते. ते पाणी कोणत्या ढगात किती असतं, हे अजून नीट कळलेलं नाही. ते कळलं, तर कोणता ढग गारांचा ते आधी सांगता येईल. पण कधी कळेल, हे मी आज सांगितलं तर तेही परवासारखंच होईल."

बापू बसला. बसताना म्हणाला, "हे खरं बोलली." बास. एवढंच. मग कोणी यंत्र हलवायचा विषयच काढला नाही. पाडव्यानंतर बघू म्हणाले.

मी सासरा आहे, उठून तिला काही म्हणता येईना. घरी आलो आणि शेळ्यांना पाणी पाजलं. त्यांना आधीच पाजलेलं होतं.

२५ मार्च
आज बाया आल्या यंत्र बघायला. खोली लहान, चार-चार जणींना आत सोडलं. सरूही गेली. नेमके ढग होते, रेघ दिसली.

बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "वर बर्फ, खाली पानी, मधी रेघ. आमच्या घरात बी असंच हाय. हे वर तापट, मी खाली, अन् मधी सून."

"तापट म्हंजे बर्फ कसा व्हईल आत्या?" बापूच्या सुनेनं विचारलं.

"तुमी ह्यांना तापलेलं बघितलं न्हाई. थंडच बसतेत, बोलत न्हाईत. टेकलं की गोठतेत."

बाया हसून हसून खाली बसल्या. ज.सुद्धा. मी बाभळीमागे होतो, कोणाला ठाऊक नाही.

३० मार्च, पाडवा
घरी गुढी उभारली. सय्यदभाईंनी बत्ताशांची माळ आणली होती, म्हणाले गाडीला बांधू. मी घाबरलो. परातीला काही लागलं तर? ज.ने दाराच्या कडीला बांधायला सांगितली.

गुढीचा कलश तांब्याचा, घर माळापासून जवळ. यंत्राला अडथळा होईल का, विचारलं.

"होतो मामा. गुढीचा नाही, पण देवळाचा कळस दिसतो, पाण्याची टाकी दिसते, तुमची बाभळही दिसते. खालचं सगळं आम्हाला पुसावं लागतं, मग वरचा ढग उरतो."

म्हणजे आपलं गाव त्या यंत्रात आहे. पुसतात ते, पण आधी दिसतं. हे दत्ताला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, नाना, तुम्ही आता पुण्यालाच या नोकरीला.

पाडवा झाला. यंत्राचं "नंतर बघू" अजून कोणी बघितलेलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

४ एप्रिल
उष्मा. सकाळी आमची उरलेली हळद पुन्हा पसरली. दोन दिवसांत गोळा करू.

दुपारी पश्चिमेला ढग चढला. उभा, डोक्यावर कोबीसारखा. माळावर गेलो, खाकरलो. "या मामा" म्हणाली, पण मान वळवली नाही.

दोन पडदे असतात. एकावर ढगातून हाक किती जोरात परत येते ते. दुसऱ्यावर चपटं की गोल. तिनंच शिकवलेलं, एकावर लालभडक आणि दुसऱ्यावर नेमकं तिथेच फिकं दिसलं, तर समजायचं की चपटं नाही, काहीतरी गोल गडगडत येतंय. आणि ते रेघेच्या खालपर्यंत आलेलं असलं, तर ते वितळलेलं नाही.

लालभडक होतं. दुसऱ्यावर तिथेच फिकं. रेघेच्या खाली, पार खाली.

तिनं वेधशाळेला फोन लावला, दिशा सांगितली, वेळ सांगितली. मोबाइल वाजला, तालुक्याला गारपिटीची शक्यता. असे निरोप आठवडाभर येत आहेत, कोणी वाचत नाही.

मग ती माझ्याकडे वळली. बराच वेळ बघितलं. "मामा, घरी चहा झाला असेल. जा तुम्ही."

एवढ्या दिवसांत कधी "जा" म्हणाली नव्हती.

गेलो. धावतच. सरूला म्हटलं, झाक. ती म्हणाली, "आवो, पुन्यांदा काय झालं तुमाला?" काई न्हाई, झाक. दोघांनी हळद ओढली, ताडपत्री टाकली, वर दगड. बापू बांधावरून बघत होता.

"काहून रे गारानाना, काहून झाकून राहिला?"

"माझी हळद, माझी ताडपत्री."

"सांग ना, काय दिसलं?"

"मला काय कळतं? सातवी शिकलेला मानूस मी."

बापू थोडा वेळ तसाच उभा. माझ्या तोंडाकडे बघत. एरवी माझं तोंड कधी बंद नसतं, ते त्याला ठाऊक. मग वळला आणि असा ओरडला की अर्ध्या गावाला ऐकू जावं, "ताडपत्र्या काढा रे!" सगळ्यांत जास्त नुकसान त्याचंच झालं होतं. तोच झाकतोय म्हटल्यावर आजूबाजूचे सगळे झाकायला लागले.

आधी वारा आला. मग गारा. बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. पत्र्यावर असा आवाज की सरूचं बोलणं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

५ एप्रिल
काल लिहून हात दुखला, पुढचं आज.

गारा थांबल्या आणि ज. डोक्यावर पाटी घेऊन पावसात बाहेर. गारा पाहिजेत म्हणाली, वितळायच्या आत. मी आणि सय्यदभाई वेचायला लागलो. तेवढ्यात बापू आला. हळद झाकायच्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. "घे. ही सगळ्यात मोठी. केळीच्या बागंत सापडली. बाग गेली, ही राहिली."

हळद वाचली, केळी फाटली त्याची. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी फडकं हातात घेतलं.

फडक्यानं गार पिवळी झाली होती. ज.ने ती घेतली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि आज सकाळी खोलीत थंड सुरीनं कापली. बापू आणि मी दोघे बघत होतो. आत कांद्यासारखे थर. एक पांढरा, एक काचेसारखा, पुन्हा पांढरा.

"काका, हे पांढरं झटकन गोठलेलं, आत हवा अडकलेली. हे काचेसारखं हळूहळू गोठलं, म्हणजे तेव्हा ढगात ते थंड पाणी भरपूर होतं. यंत्रानं काल काय ऐकलं ते आता याच्याशी लावून बघता येईल."

बापूनं बोट लावलं. "माझ्या फडक्याचा रंग बी लिवून ठेव म्हणावं पुण्याला."

"लिहिते काका. बाहेरचा पिवळा थर, तुमच्या घरचा."

हसला. काल बाग गेलेला माणूस हसला.

संध्याकाळी तिनं विचारलं, "मामा, कोणाला सांगितलंत?"

"कोनालाच न्हाई."

"मग सगळ्यांनी झाकली कशी?"

"मी माझी झाकली."

तिनं मान खाली घातली. हसली की काय, कळलं नाही. मीही "चहा झाला असेल" याचा अर्थ विचारला नाही. विचारणारही नाही.

७ एप्रिल
नाल्यापलीकडच्या वस्तीवर गेलो होतो. तिकडची हळद गेली. त्यांना माझं खळं दिसत नाही. ताडपत्र्या घरात होत्या, दोरीसकट.

एक म्हातारी ओळखीची. म्हणाली, "नाना, मागल्या टायमाला तू इतक्या लांब सांगायला आलता. ह्या टायमाला काहून न्हाई आला?"

काय सांगू? तेव्हा ठाऊक नसताना सांगितलं. या वेळी ठाऊक होतं.

घरी येऊन जेवलो नाही. ज.ला सांगितलं. तीही नीट जेवली नाही. म्हणाली, "नियम चूक नाही मामा. एकोणीस तारखेला काय झालं ते बघितलं ना आपण. पण हेही बरोबर नाही."

सरूनं दोघांची ताटं उचलली. म्हणाली, "दोघंबी हुशार. उपाशी बसून हळद वाळती का?"

९ एप्रिल
कळलं ते असं. पुण्याचे सर गारेच्या थरांवर फार खूश आहेत. यंत्र आणि गार, दोन्ही एकाच ढगातलं एकाच जागी मिळणं सोपं नसतं म्हणे. तरीही तालुक्याच्या कचेरीची तक्रार मिटलेली नाही. यंत्र इथे मेअखेरपर्यंत ठेवायचं की हलवायचं, ते उद्या ठरणार.

ज. म्हणाली, नुसतं ठेवा असं मी मागणार नाही. यंत्रावर असं दिसलं, तर वेधशाळेच्या निरोपात तालुक्याचं नाही, गावाचं आणि वस्तीचं नाव असावं आणि तो भोंग्यावरून सांगावा, हेही मागणार. नाही म्हणाले तर नाही म्हणाले.

मी म्हटलं, सगळं एकदम मागितलं तर यंत्रही जाईल. हळूहळू मागावं.

"मामा, बापूकाकांनी फायदा विचारला तेव्हा मी हळूहळू सांगितलं का?"

माझ्या घरात अशी मुलगी आली, हे मी कोणत्या देवळात जाऊन सांगू? देवळात सांगायची तर आता भीतीच वाटते.

१० एप्रिल
सकाळी बापू येऊन गेला. बैठकीतला फायद्याचा प्रश्न पुन्हा विचारेल, असं वाटलं मला. तर म्हणाला, "राहनार का ते?"

"ठरून राहिलंय आज."

"राहू दे म्हनावं. माझी बाग गेली, मंग ती कशानं गेली ते तरी बघून जाऊ दे त्याला." मग म्हणाला, "अन् वस्तीवर सांगायला मानूस पाह्यजे असंल, तर माझी मोटरसायकल हाय. तू नको. तुझ्यावर कोनी भरोसा ठेवत न्हाई."

आता दुपार. बाभळीखाली बसून हे लिहितोय. तोडलेल्या फांदीपाशी सावली कमी आहे, सरकत सरकत बसावं लागतं. आत ज. फोनवर आहे, केव्हाची. दार बंद. शब्द कळत नाहीत, आवाज तेवढा कळतो. मध्येच चढतो, मध्येच बराच वेळ काही नाही. पश्चिमेला एक ढग आहे, लहान. परात त्याच्याकडे वळते आहे.

दोनदा खाकरून झालं. सय्यदभाई म्हणाले, "चाचा, सीधे अंदर जाओ ना. कब तक खाँसते बैठोगे?"

म्हटलं, फोन होऊ द्या. मग ती बोलवेल.